धोंडबाची चाल

भैयाजी मेडिकल कॉलेजात मुडदे टेबलावर काढून ठेवणारा शिपाई होता, आणि दिवाळी झाली की आमच्या खडी गंमतीच्या तमाशा-फडात बाई व्हायचा. लुगडं नेसून, घुंगरू बांधून नाचायचा. मी ढोलक वाजवायचो. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, आमचा फड उभा राहायचा आणि त्याचा नाच पाहायला माणसं तीन-तीन कोस पायी यायची. कॉलेजात मात्र तो नाचतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्यातही त्याच्या नोकरीचा विषय कुणी काढत नसे. त्याच्या हातांना औषधाचा वास यायचा, तेवढा आम्ही चालवून घ्यायचो.

त्याला नाच शिकवला त्याच्याआधी फडात बाई होणाऱ्या धोंडबानं. धोंडबाची शिकवण एकच, गुडघा ताठ ठेव आणि टाच आपट. मातीवर, फरशीवर, कुठंही. चाळिशी उलटली आणि धोंडबाचा स्वतःचाच उजवा गुडघा गेला. फड चालवणाऱ्या शाहिरानं त्याला घरी बसवलं आणि भैयाजीला उभं केलं. मी तिथंच होतो, एक शब्द बोललो नाही. धोंडबा दोन वर्षं इतवारीतल्या खोलीत पडून राहिला. लोकांना आपलं लंगडणं दिसू नये म्हणून बायकोशिवाय कुणासमोर उठून उभाही राहायचा नाही, असा त्याचा ताठा. एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात एका सकाळी निघून गेला. कुणी म्हणालं साधू झाला, कुणी म्हणालं काशीला दिसला. त्याची बायको प्रयागबाई रोज कुंकू लावत राहिली.

तो कसला काशीला जातो. सीताबर्डीत फुटपाथवर मेला होता आणि बेवारस म्हणून भैयाजीच्या टेबलावर आला होता. पुरुषाच्या नाकपुडीला नथीचं भोक पाहून शिकणारी पोरं हसली. भैयाजी भोक न पाडता दाबाची नथ घालायचा, म्हणून त्याच्या नाकाकडे कुणी पाहिलं नाही. त्यानं तेव्हाच धोंडबाची ओळख सांगितली असती, तर मुडदा घरी गेला असता. पण जिना उतरताना त्याचाही गुडघा कटकट वाजायला लागला होता आणि शाहीर नवा गडी शोधत होता. आपल्या आत काय बिघडतंय ते भैयाजीला पाहायचं होतं. तो गप्प बसला. याला मी पापच म्हणतो. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं, हेही खरं.

गुडघा उघडला त्या दिवशी तो पोरांच्या मागं बादली धरून उभा होता. आतल्या बाजूची गादी पार संपलेली, हाडावर हाड घासून चकाकी आलेली. मास्तर म्हणाले, हमाल असावा. भैयाजीनं बादली खाली ठेवली नाही.

त्या दिवसापासून त्याचा नाच बदलला. टाच आपटणं सोडून तो पाऊल आधी चवड्यावर टेकू लागला, गुडघा सैल ठेवून गिरकी कमरेच्या खुब्यातून घेऊ लागला. शाहीर कुरकुरला, पण लोकांना आवडलं. मग त्यानं एक म्हातारी उभी केली, मंडईला निघालेली. गुडघा असा झिजला तर माणूस भार कुठं टाकेल, खांदा कुठं झुकेल, दुसरं पाऊल किती घाईनं उचलेल, हे तो घरी गुडघ्याला चिंधी बांधून महिनोन्‌महिने करून पाहत होता. सत्तरच्या मंडईत ती म्हातारी आली आणि लोक हसून लोळले. मीही हसत हसत वाजवत होतो.

बायकांच्या घोळक्यात प्रयागबाई होती. खेळ संपला तशी सरळ आमच्याकडे आली.

"ही चाल तू कुठी पाह्यली गा?"

भैयाजी घुंगरू सोडत होता. "मनानं बसवली, काकू."

"मनानं नाही बसत. तो माह्यासमोरच असा चाले. दुसऱ्या कोनालेच नाही दिसली ते चाल. तू कुठी पाह्यली?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मला तोवर काहीच माहीत नव्हतं.

"चालताना नाही पाह्यलं," तो म्हणाला. "कालेजात आला होता. टेबलावर."

"कवा?"

"दीड वर्स झालं."

"तू वळखलं होतं त्याले?"

"हो."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"गुडघा पाह्याचा होता, काकू. माहा बी दुखून राहिला होता."

मला वाटलं, आता ती त्याच्या थोबाडात मारेल. मारायलाच हवं होतं. ती त्याच्या पायांकडे बघत राहिली.

"अग्नी कोनं देल्ला?"

"कालेजच्या लोकायनं. उरलं ते मीच गोळा करून देल्लं."

"मंग एकडाव चाल," ती म्हणाली. "मले पाहू दे."

तोंडावर रंग, अंगावर लुगडं, तसाच तो उठला आणि चालू लागला. उजवा पाय जपत, खांदा झुकवत, समोरच्या कडुलिंबापर्यंत. तिथून तो माघारी फिरला तेव्हा प्रयागबाईनं पदराच्या टोकानं कपाळ पुसून घेतलं होतं.