बाप्पामागचा लाल दिवा

साडूबरोबर भागीदारीत गाडी घेऊ नका, असं मला झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं. म्हणूनच मी घेतली. ऑफिसातले सांगत होते, शेजारी सांगत होते, एवढंच काय, गाडी विकणारा माणूसही म्हणाला, "दोघांच्या नावावर कशाला करताय साहेब, उगाच टेन्शन." त्याला मी हसलो होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोपरखैरण्याला, साडू वाशीला. दोघांचे पगार जुनी, छोटी, पांढरी गाडी घेण्याइतके नव्हते. अर्धी अर्धी घेण्याइतके मात्र होते. मी तुर्भ्याच्या कारखान्यात खरेदी खात्यात होतो, साडू मार्केटात एका कांदा-बटाटा व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब बघायचे. ठरलं असं, की एक आठवडा गाडी त्यांच्याकडे, एक आठवडा आमच्याकडे. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या बिल्डिंगखाली गाडीची देवाणघेवाण. आणि बोलता बोलता आणखी एक नियम होऊन बसला: ज्याच्या आठवड्यात काम निघेल, त्यानं ते करायचं.

हा नियम ज्यानं काढला, तो मूर्ख मीच. मला वाटलं होतं, किती सोपं! वाद नको, चर्चा नको. प्रत्यक्षात काय झालं, तर आमच्या गाडीत कधीच काही काम निघेना. दोन वर्षं ती गाडी कागदोपत्री ठणठणीत होती. ब्रेक कुरकुरायचे, पण शनिवारपर्यंतच कुरकुरायचे. शनिवारी किल्ली देताना ब्रेकबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. वायपर काच पुसायच्या ऐवजी ओरखडायचा, तेव्हा आम्ही दोघंही आभाळाकडे बघून आठवडा काढायचो. गाडी परत करताना मात्र धुऊन, पुसून, चाकांना काळं लावून, लग्नाला उभी केल्यासारखी.

"काय साडूबुवा, कशी काय चालली?" ते विचारायचे.

"एकदम मक्खन," मी सांगायचो.

"कोपरखैरण्याच्या रस्त्यांवरून येऊनसुद्धा?"

"तुमच्या वाशीच्या हवेची सवय मोडावी लागते हो तिची. मग बरी पळते."

बायका हसायच्या. त्या दोघी सख्ख्या बहिणी. त्यांचे आईवडील दोघंही गेलेले, भाऊ नाही. ताई मोठ्या. माझ्या बायकोला माहेर म्हणून जे काही उरलं होतं, ते वाशीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होतं. आम्ही दोघं नवरे खाली गाडीभोवती फिरायचो, तेवढ्या वेळात ताई हिची वेणी घालून द्यायच्या, आणि पस्तिशीची ही बाई गजरा माळून खाली उतरायची. गाडी हवी की नको, हा प्रश्न माझ्यापुरता पेट्रोलचा होता. हिच्यापुरता तो शनिवारचा होता. हे मला तेव्हा दिसत होतं, असं मी म्हणणार नाही. मला तेव्हा फक्त मीटर दिसत होता.

त्या मीटरमध्येच एका आठवड्यात लाल दिवा लुकलुकायला लागला. तेलाच्या छोट्या चंबूचं चित्र, चोचीला एक थेंब. गाडी सिग्नलला उभी राहिली की दिवा लागायचा, जरा रेस दिली की विझायचा. याचा अर्थ इंजिनातलं ऑइल कमी झालंय, हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. खरेदी खात्यातला माणूस मी, गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी पहिल्याच दिवशी वाचलेलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: हा दिवा चालू इंजिनात लागला, तर गाडी ताबडतोब थांबवा. वाचून मी काय शिकलो, तर सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सतत रेस देत बसायला. शेजारच्या रिक्षावाल्याला वाटायचं, मी शर्यत लावतोय.

बॉनेट उघडून पट्टी बाहेर काढायची, पुसायची, परत घालून तेल कुठवर आहे ते बघायचं, एवढंच काम. पण ते केलं असतं, तर काम 'निघालं' असतं. शुक्रवार होता. एक दिवस कळ काढली की काम त्यांच्या आठवड्यात.

शनिवारी किल्ली दिली. पुढच्या शनिवारी गाडी परत आली. दिवा लुकलुकतच होता. साडूंनीही कळ काढली होती.

आता इथं माझी बुद्धी चालली, आणि माझी बुद्धी चालते तेव्हा मला धरून ठेवायला कुणीतरी हवं असतं. दसरा आला होता. गाडीची पूजा माझ्याकडे. झेंडूचं तोरण, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, सगळं यथासांग. आणि मी बाजारातून आणलेला बाप्पाचा गोल स्टिकर मीटरच्या काचेवर चिकटवला, नेमका त्या चंबूच्या दिव्यावर. जागा मापून ठेवली होती. पूजेला ताई आणि साडू आले होते. ताईंनीच बाप्पाला हळदकुंकू वाहिलं. एकदा कुंकू लागलं, की तो स्टिकर नखानं खरवडायची माझ्या साडूंची काय बिशाद!

पुढल्या आठवड्यात गाडी त्यांच्याकडे गेली. मला घरबसल्या गुदगुल्या होत होत्या.

शनिवारी ताई बिल्डिंगखाली आल्या त्याच हरखून. "अगं, बाप्पा जागृत आहे गं गाडीतला! संध्याकाळी वाशीच्या सिग्नलला थांबलो, तर असा लालसर तेजाळला. मी हात जोडले. आणि गाडी निघाली, की शांत."

माझी बायको म्हणाली, "खरंच?" आणि माझ्याकडे बघितलं. मी साडूंकडे बघितलं. साडू टायरकडे बघत होते.

पण आणखी एक फेरी झाली आणि गाडी माझ्याकडे परत आली, तेव्हा बाप्पा तेजाळेनासा झाला. मी सिग्नलला मुद्दाम रेस सोडून पाहिलं. काही नाही. अंधारातही काही नाही. तेव्हा मला जो आनंद झाला, तो मला बोनसनंही कधी झालेला नाही. साडूबुवांनी गुपचूप काम करून घेतलं! हरले! घरी येऊन बायकोला सांगितलं, "तुझे भावजी शेवटी शहाणे झाले." ती म्हणाली, "कशात?" मी म्हणालो, "सगळ्यात."

किल्ली फिरवली, की इंजिन सुरू होण्याआधी तो दिवा क्षणभर लागलाच पाहिजे, हेही त्या पुस्तकात होतं. तो लागतच नसेल, तर काहीतरी बिघडलंय. ते पान मी वाचलं होतं.

मग पेणच्या मामांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. या दोघी बहिणींना हा एकच मामा. ओटी भरायला, 'आमच्या मुली आल्या' म्हणायला तेवढंच घर. बायकोनं साडी आधीच काढून ठेवली होती, ताईंनी तिच्यासाठी मोत्याच्या बांगड्या शोधून ठेवल्या होत्या. आठवडा माझा, गाडी माझ्या हातात, चौघं निघालो. मागच्या सीटवर दोघींच्या गप्पा पनवेल गेलं तरी संपेनात. आईच्या हातच्या कुठल्याशा लोणच्यावरून चाललं होतं.

कर्नाळ्याच्या चढावर इंजिनातून टकटक ऐकू आली. मग खडखड. मग लोखंड लोखंडावर घासल्यासारखा एक आवाज, आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन जी थांबली, ती थांबलीच. इंजिन जाम. मी बॉनेट उघडून पट्टी ओढली. पुसायची गरजच नव्हती, ती कोरडी होती.

साडू माझ्या शेजारी येऊन वाकले. आमची दोघांची तोंडं बॉनेटच्या आत.  बोललं मागच्या सीटनं.

"तुमच्याच आठवड्यात कसं हो सगळं होतं?" ताई मला म्हणाल्या. तसं सहजच म्हणाल्या, वैतागून.

मी गप्प. आणि मी गप्प बसलो, म्हणून माझी बायको बोलली. "ताई, आमच्या आठवड्यात काय म्हणतेस? दर शनिवारी भावजी गाडी जशी आणून देतात, ती आम्हालाच माहीत. आम्ही कधी बोललो का?"

"म्हणजे? यांनी बिघडवली?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस. तुझा नवरा आठवडाभर हुंदडतो आणि..."

"माझ्या नवऱ्याला काही बोलू नकोस."

तो नवरा मीच होतो, आणि मला सांगता येत होतं. एक वाक्य पुरलं असतं. साडूंनाही एक वाक्य पुरलं असतं. ते रेडिएटरचं झाकण दोन बोटांनी फिरवून बघत होते, जणू बिघाड तिथेच आहे.

मागे भांडण गाडीवरून उतरून आईवर गेलं. त्यांची आई शेवटचं वर्ष आमच्याकडे होती. ताई म्हणाल्या, "आईला ठेवून घेतलंस म्हणून एवढा तोरा नको दाखवूस. तुला घरात कामाला माणूस हवं होतं."

 बायको अगदी हळू म्हणाली, "तू दर रविवारी सफरचंदं घेऊन यायचीस. आईला दात नव्हते, ताई. वर्षभरात एकदाही तुझ्या लक्षात आलं नाही."

तेव्हा बॉनेट लावून टाकण्याखेरीज आम्हाला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ताई आणि साडू पेणकडे जाणाऱ्या एसटीसाठी थांबले. बायको रस्ता ओलांडून पलीकडे गेली, पनवेलच्या एसटीसाठी. मी मध्ये, गाडीपाशी. नेसलेल्या दोन्ही साड्या काठापदराच्या, एक या बाजूला, एक त्या. मी पलीकडे जाऊन म्हटलं, "अगं, चल पेणला, मामा वाट बघतील." ती म्हणाली, "तुम्ही गाडीजवळ थांबा. कुणी चाकं नेईल." हिची एसटी आधी आली.

पेणला मामांनी विचारलं, धाकटी कुठाय. ताई म्हणाल्या, तिला यायचं नव्हतं. हे आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

गाडी ओढून तुर्भ्याच्या गॅरेजात आणली. साडूही तिथं आले. मेकॅनिकनं मीटर उघडला आणि विचारलं, "दिव्याचा बल्ब कोणी काढला?" मी साडूंकडे पाहिलं. साडूंनी बाप्पाच्या स्टिकरकडे पाहिलं आणि मला विचारलं, "आणि हा बरोब्बर इथंच का बसला हो?" ताईंनी बाप्पाला हात जोडलेले पाहून साडूंना भीती वाटली होती, उद्या त्या तिथं निरांजन लावतील. म्हणून त्यांनी बल्बच काढून टाकला होता. म्हणजे एकाच दिव्याला आम्ही दोघांनी फसवलं होतं, तेही एकमेकांच्या नकळत. आम्ही हसलो. गॅरेजसमोरच्या टपरीवर कटिंग चहा घेत इतके हसलो, की साडूंना ठसका लागला. गाडी भंगारात देऊन टाकली आणि आमचं दोघांचं तिथल्या तिथं मिटलं. आजही कधी मार्केटात भेटलो, तर आम्ही चहा घेतो.

दोघी बहिणी बोलत नव्हत्या. पहिल्या दिवाळीला वाटलं, आता होईल. मग मामांच्या त्याच मुलीचं लग्न झालं, तेव्हा वाटलं. तिथं दोघी एकाच पंगतीत जेवल्या, तोंडं दोन दिशांना करून.

मी गोष्टी सांगणारा माणूस. ही गोष्ट तर फारच चांगली जमली होती, आणि मी ती घर सोडून सगळीकडे सांगत होतो. एका रविवारी आमच्याकडे सोसायटीची मीटिंग होती, कोरम होईना म्हणून माणसं खोळंबली होती. बायको आत चहा करतेय, असं धरून मी सुरू केलं. दसरा, स्टिकर, तेजाळणारा बाप्पा, बल्ब. तळमजल्याच्या काकांना हसून हसून खोकला आला. "काय इरसाल माणसं हो तुम्ही दोघं!" असं ते म्हणत होते, तेवढ्यात मला दिसलं, की चहाचा ट्रे घेऊन बायको दारात उभी आहे. कधीपासून, ते माहीत नाही.

ती आत आली. तिनं एकेकाला चहा दिला, काकांना पाणीही दिलं. माझ्यापुढे कप ठेवला आणि म्हणाली, "थांबलात का? पुढचं सांगा की."

"पुढं आहे होय अजून?" काकांनी विचारलं आणि खुर्ची जवळ ओढली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, हसायच्या तयारीत.