आईचं नाव यादीत

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत माझ्या आईला मत देता आलं नाही, आणि चूक सर्वस्वी तिचीच होती. हे मी ठणकावून सांगते, कारण तिनं ती जन्मभर सरकारच्या माथी मारली.

घाटकोपरच्या आमच्या चाळीत मतदारांची नावं लिहायला कारकून आला, तेव्हा मी दहा वर्षांची होते. वीस बिऱ्हाडांना एक नळ, तोही सकाळी तासभर, आणि ताटात रेशनची लाल ज्वारी, असे ते दिवस. आई दाराआडून म्हणाली, "माझां नाव कित्याक व्हया? थोरलेची आवस म्हणान लिवा." थोरली म्हणजे मी, आणि आवस म्हणजे आई. कोकणातून आलेल्या आमच्या बायकांची ही रीतच होती. परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायचं नाही, आणि नवऱ्याचं तर उखाण्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. कारकुनानं सांगितलं ते लिहून घेतलं. पुढं अशा सगळ्या 'अमकीची आई' आणि 'तमक्याची बायको' स्वतःचं नाव नाही म्हणून यादीतून उडाल्या.

मतदानाच्या दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून गेली आणि तोंड पाडून परत आली. पण तिला खरं लागलं ते नंतर. चाळीतल्या बायका दुसऱ्या नळासाठी एका पुढाऱ्याकडे गेल्या, तर त्याच्या माणसानं पहिलंच विचारलं, "तुमच्यातल्या कितीजणींची नावं यादीत आहेत?" एकीचंही नव्हतं; सगळ्या हात हलवत परत आल्या. त्या दिवशी आईनं भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली.

"माका पुढच्या खेपेक मत व्हया," एवढंच ती तिला म्हणाली.

पुढच्या निवडणुकीआधी दुसरा कारकून आला. या वेळी आई उंबऱ्यावर येऊन उभी राहिली आणि तिनं स्वतःचं नाव सांगितलं, चांगलं खणखणीत. घरात त्या नावानं तिला हाक मारणारं कुणी नव्हतं, त्यामुळे मलाही ते नवंच वाटलं.

"आणि नवऱ्याचं?" त्यानं विचारलं.

झालं! आई अडली. वडील गिरणीत गेलेले. मी सांगणार, तोच तिनं मला डोळ्यांनी दटावलं. मग पदर सारखा केला, घसा खाकरला आणि चक्क उखाणा घेतला. तुळस, वृंदावन, सगळं यथासांग, आणि शेवटी वडिलांचं नाव.

"बाई, परत एकदा घ्या ना," कारकून म्हणाला. "नीट ऐकू नाही आलं." लबाड होता मेला.

मग काय, दारं भराभर उघडली. एकेक बाई गॅलरीत येऊन आपलं नाव सांगायची आणि नवऱ्याचं उखाण्यात घ्यायची. एकीला शेवटची ओळ आठवेना, तर तिच्या सासूनं आतून सांगितली. तासाभराचं काम दुपारभर चाललं आणि कारकुनाला तीन घरचा चहा मिळाला. मला इतका आनंद झाला होता की मी उगीचच जिन्यावरून वर-खाली धावत होते.

मतदान जवळच्या शाळेत होतं. मी आईबरोबर गेले, पण मला वर्गाच्या दारातच अडवलं. आई जन्मात पहिल्यांदाच शाळेत पाऊल टाकत होती. टेबलामागच्या माणसानं यादीवर बोट ठेवून तिचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं.

आईनं मान ताठ केली आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हजर!"