पायरीसाठी उरलेला माल

१६ मार्च, रविवार. काम: घराच्या मागची भिंत.

बुवापाड्यात आमचं बैठं घर आहे. मागच्या अंगाची भिंत शेवग्याचं झाड पडून ढासळली होती. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करते. काय किती लागेल ते आधी काढायचं, हीच माझी नोकरी. त्यामुळे घरच्या भिंतीला माल किती लागेल तेही मीच काढलं, दुसऱ्या कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता.

हे गणित अवघड नाही. भिंत वीस फूट लांब, पाच फूट उंच, साडेचार इंच जाड. गुणाकार केला की साडेसदतीस घनफूट येतात. विटेच्या भिंतीत साधारण पाव हिस्सा सांध्यांचा असतो, तेवढा माल, म्हणजे कालवलेली सिमेंट-रेती. सिमेंट-रेती कोरडी असताना फुगलेली दिसते आणि पाणी घातलं की बसते, म्हणून त्यावर आणखी तिसरा हिस्सा चढवायचा. एकास पाच प्रमाण धरलं की दोन गोण्यांच्या आत काम भागतं. मी दोन गोण्या आणि त्या मानाने रेती मागवली.

शनिवारी दुकानदाराचा फोन आला की विटा नाहीत, सिमेंटचे ब्लॉक पाठवू का. मी म्हटलं पाठवा. ब्लॉक चार विटांपेक्षा मोठा असतो, म्हणजे सांधे कमी आणि मालही निम्म्याहून कमी लागतो. हे मला माहीत होतं, पण गणित मी पुन्हा केलं नाही. मालाचा आकडा एकदा ठरवला होता, तो तसाच डोक्यात राहिला.

रविवारी गवंडी आला तेव्हा म्हणाला, "ताई, बिगारी दुपारपर्यंतच आहे. नंतर त्याला मोरिवलीला जायचंय."

"मग माल सकाळीच कालवून घ्या. सगळा."

"सगळा एकदम?"

"एकदम. पुन्हा पुन्हा कोण कालवत बसणार?"

"चालेल. तुमची भिंत, तुमचं सिमेंट," असं म्हणून त्याने बिगाऱ्याला गोण्या फोडायला सांगितलं. त्याला फिकीर नव्हती. कानात वायर घालून तो दिवसभर क्रिकेट ऐकत होता.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. कोणाकडे गवंडीकाम निघालं की शेजारीपाजारी सकाळी सहज डोकावतात आणि म्हणतात, उरला तर सांगा हं. संध्याकाळी घमेलं घेऊन येतात. कोणी मोरीचा कोपरा बुजवतं, कोणी ओट्याची फट. नाही कोणी म्हणत नाही, आणि दिलं असंही कोणी म्हणत नाही. गल्लीतलं प्रत्येक घर थोडंथोडं दुसऱ्याच्या मालाने सांधलेलं आहे.

त्या सकाळी शेजारीण डोकावली. तिच्या सासूबाई खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन उल्हासनगरच्या हॉस्पिटलात होत्या, मंगळवारी घरी यायच्या होत्या. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून त्यांचा उंबरठा उंच करून घेतलेला आहे. धडधाकट माणसालाही तिथे पाय उचलून टाकावा लागतो.

"वहिनी, मधे एक पायरी झाली ना, तर आई वॉकर घेऊन चढतील. विटांचे तुकडे आहेत आमच्याकडे. माल तेवढा नाही."

"उरला तर देते," मी म्हटलं. उरणार नाही याची मला खात्री होती.

भिंत चारच्या चहाला पूर्ण झाली आणि निम्म्याहून जास्त माल पत्र्यावर तसाच पडून होता. दिवसभर ऊन होतं. वरची साय कडक झाली होती, आत थापी घातली तर ढेकळं निघत होती. शेवटचा थर गवंड्याने त्यातच पाणी घालून लावला. तो भिंतीचा माथा होता, त्यावर कोणाचं वजन येणार नव्हतं.

सिमेंट एकदा धरायला लागलं की पाणी घालून मऊ होतं, पण त्यात जीव राहत नाही. खरेदीत इतकी वर्षं काढल्यावर हे मला कोणी सांगायला नको. तो ढीग उचलून नाल्याकडेला टाकायला हवा होता. पण गल्लीतल्या सगळ्यांनी तो बघितला असता, आणि आकडेमोड करणाऱ्या बाईचा हिशोब कसा फसला ते सगळ्यांना कळलं असतं. शेजारीण घमेलं घेऊन दारात उभी होतीच.

"पाणी घालून सारखा करा आणि द्या त्यांना," मी गवंड्याला म्हटलं.

त्याने कानातली वायर काढली, माझ्याकडे बघितलं. "देऊ?"

"द्या म्हटलं ना."

तिचा नवरा आणि ती, दोघांनी मिळून अंधार पडायच्या आत पायरी केली. वरून थापीने घोटून गुळगुळीत केली. दिसायला छान झाली.

सोमवारी संध्याकाळी कामावरून आले तर शेजारीण समोरच्या बाईला सांगत होती, "वहिनींनी मुद्दाम जास्त कालवायला लावला हो. आई यायच्यात म्हणून. एरवी ह्यांचा हिशोब चमचाभर चुकायचा नाही." मला बघून ती आत गेली आणि झाकलेली ताटली घेऊन आली. घावणे होते, सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी.

मी ताटली घेतली. ती आत गेल्यावर चपलेचा पट्टा सारखा करायच्या निमित्ताने तिच्या पायरीजवळ वाकले आणि किल्लीचं टोक कडेला दाबलं. रवा सांडावा तसा भुगा झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा भुगा. एक दिवसाची पायरी कच्चीच असते, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण आमच्या भिंतीच्या खालच्या थराला तीच किल्ली टोचून आले. तिथे नुसता ओरखडा उठला.

घावणे मुलांनी खाल्ले. सत्तरीची बाई, नवीन बसवलेला खुबा, वॉकरचा पाय नेमका त्या कडेवर. हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. तरी त्या संध्याकाळी मी शेजारी गेले नाही. ताटली घासून पालथी घातली आणि रिकामी ताटली कशी परत करायची असं म्हणत तिथेच ठेवली.

मंगळवारी सकाळी कारखान्यात उशिरा येते असं कळवलं आणि घण घेऊन शेजारच्या दारात गेले.

"हे काय वहिनी?"

"पायरी तोडायची आहे. माल मेलेला होता. मी जास्त कालवला, दिवसभर पडून राहिला, आणि मी तो पाणी घालून तुला दिला."

"तुम्हाला नव्हतं माहीत?"

"माहीत होतं."

तिने पदर खोचला, एक पाऊल मागे घेतलं आणि म्हणाली, "कडेला कुंडी आहे, ती सांभाळा." मग आत निघून गेली.

घणाचे दोन-तीन घाव बसताच पायरी उकलली. विटांचे तुकडे जसे ठेवले होते तसेच कोरडे वेगळे झाले. दुकानातून आणलेल्या नव्या गोणीतून सिमेंट काढलं, चार घमेली रेतीला एक घमेलं, आणि पायरीपुरताच माल स्वतः कालवला. तिचा नवरा विटा हातात देत होता.

मग तो हॉस्पिटलात गेला आणि पायरी ओली असतानाच आईला रिक्षातून घेऊन आला. पायरीवर कोणी पाय ठेवण्यात अर्थ नव्हता. प्लास्टिकची खुर्ची आणली, म्हातारीला तीत बसवलं.

"पायरी केली म्हणे माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "मग ही वरात कशाला?"

मीच सांगितलं. "मावशी, पहिली पायरी मी दिलेल्या खराब मालाची होती. मोडली मी आत्ता. ही पक्की व्हायला चार दिवस तरी लागतील."

"मग धर नीट. मी हलकी नाही."

खुर्चीचे मागचे पाय त्यांच्या मुलाने धरले, पुढचा एक रिक्षावाल्याने, एक मी. आम्ही त्यांना ओल्या पायरीवरून उचलून आत नेलं. शेजारीण उशी लावत होती, तिने वर बघितलं नाही. मी बाहेर येऊन पायरीवर गोणपाट टाकलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि कामावर गेले.