शेजारच्या कॅफेतून विचारा

जुन्नरच्या आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांइतका माणसांना दूर ठेवणारा आणि माणसांसाठी आसुसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. शांतता हा त्यांचा धर्म होता. चपला दाराबाहेर, खोकला व्हरांड्यात, आणि वर्तमानपत्राचं पान उलटायचं ते झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तसं. या कडकपणाचं कारण आम्हा रोजच्या वाचकांना ठाऊक होतं. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. निवृत्ती अजून लांब होती, आणि समितीला हे कळलं की खुर्ची जाणार, हेही ठाऊक होतं. कानाला यंत्र लावायला ते तयार नव्हते. "यंत्र लावलं की जाहिरातच झाली," म्हणत.

सन दोन हजारनंतर कधीतरी वाचनालयात संगणक आला, इंटरनेट आलं, आणि कुणीतरी त्यांना चॅट शिकवलं. मढच्या एका शिक्षिकेनं आळेफाट्याच्या सायबर कॅफेतून किल्ल्यांवरची पुस्तकं विचारली. प्रश्न त्यांना एका वाचनात कळला. त्या दिवशी ते डबा खायला विसरले. उत्तर मात्र त्यांनी पत्रासारखं लिहिलं. आधी नमस्कार, मग क्षेमकुशल, मग पुस्तकं. 'आपला विश्वासू' उमटेपर्यंत बाई एसटीत बसल्या होत्या.

पुढे त्याचा नियमच झाला. टेबलापाशी कुणी तोंड उघडलं की ते शेजारच्या सायबर कॅफेकडे बोट दाखवत. "तिकडून विचारा. पद्धत आहे." कॅफेवाला हैराण व्हायचा.

"अवो पावणं, माणूस भिंतीपल्याड बसलाय, अन् तुमी त्याला हितून इचारताय व्हय?"

"काय करता राव," द्राक्षावरचं पुस्तक शोधायला आलेला शेतकरी म्हणाला, "सायेब लई मॉडर्न झालेत."

एकदा समितीच्या अध्यक्षांनाच त्यांनी कॅफेत धाडलं. आम्ही श्वास रोखून बसलो. अध्यक्ष परतले ते खूश होऊन. "तालुक्यात असं कुठं न्हाई! यांचा सत्कार करू." ग्रंथपालांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि अंदाजानं मान डोलावली.

मग पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणला आणि फोनची केबल तुटली. चॅट बंद, कॅफेही बंद. दुरुस्तीला कुणी येईना. स्नेहसंमेलन जवळ आलं तशी मढची शिक्षिका नाटकाचं पुस्तक न्यायला स्वतः आली. त्या दिवशी समितीची बैठक होती. तिनं विचारलं, त्यांनी सवयीनं कॅफेकडे बोट दाखवलं. "सर, ते बंद आहे," ती म्हणाली. त्यांनी पुन्हा बोट दाखवलं आणि रजिस्टरात डोकं घातलं. तिसऱ्यांदा ती मोठ्यानं बोलली. वाचनालयातल्या सगळ्या माना वळल्या, त्यांची तेवढी वर झाली नाही.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "यांना ऐकू येत न्हाई," ते त्यांच्या समोरच म्हणाले, साध्या आवाजात.

शाल आणि नारळ देऊन त्यांना घरी पाठवण्यात आलं. केबल त्यानंतर जोडली गेली.

मी पिंपळवंडीला त्यांच्या घरी गेलो. सून चुलीजवळून ओरडली, "मामा, पावणं आल्यात!" मुलगा अंगणातून ओरडला, "आबा, च्या घेता का?" दोघंही मायेचीच. पण प्रत्येक हाकेला त्यांच्या कपाळावर आठी पडत होती.

"आवाज येत न्हाई," ते म्हणाले, "पण वरडताना माणसाचं तोंड कसं व्हतं, ते दिसतं ना भाऊ. त्या चॅटवर कुणी माझ्यावर वरडत नव्हतं."

मला त्यांची तब्येत विचारायची होती. त्यासाठी आवाज चढवावा लागला असता. मी चहा घेतला आणि त्यांच्याजवळ बसून राहिलो.