पैकीच्या पैकी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका टेक्निकल हायस्कूलमध्ये मी अकरावी-बारावीला इलेक्ट्रिकल मेंटेनन्स शिकवतो. सायन्सची जी मुलं बायोलॉजी सोडून हा बायफोकल, म्हणजे व्यवसायाचा, विषय घेतात, त्यांना पुढे पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत पालक चौकशीला आले की मी हेच सांगतो. जिची ही गोष्ट आहे, त्या मुलीच्या वडिलांनाही सांगितलं होतं.

त्यांचं बसस्टँडच्या मागे मोटार वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात हात बसलेला, पण शाळा सातवीतच सुटलेली. आपण हातानं शिकलो, पोरीनं पुस्तकातून शिकावं, एवढंच त्यांचं म्हणणं. दुकानात मात्र ते तिला बसू देत नसत. तिथं पुरुषांचा राबता.

मुलगी हुशार होती. वही स्वच्छ, प्रश्न नेमके. पण मी तिच्या वर्गाला प्रयोगशाळेत नेलंच नाही. त्यांच्याआधीच्याही काही वर्गांना नेलं नव्हतं. एका वर्षी एका मुलाच्या हातून मीटर जळाला आणि मुख्याध्यापकांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. तेव्हापासून मी कुलूप लावलं ते लावलंच. प्रयोगाच्या तासाला मी फळ्यावर आकृती काढायचो, खाली रीडिंगचा तक्ता लिहायचो आणि मुलं तो जर्नलमध्ये उतरवून घ्यायची. परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक जर्नल चाळायचे, दोन-चार प्रश्न विचारायचे, पोहे खायचे आणि सह्या करायचे. मार्क सगळ्यांना भरभरून.

एकदा तिनं विचारलं होतं, "सर, हे रीडिंग आपण कधी घेतलं?"

वर्ग हसला. मीही हसलो. घेतलं असं समज, म्हणालो आणि पुढचा तक्ता लिहायला लागलो. तिनं मान खाली घालून तोही उतरवला. प्रॅक्टिकलला तिला मी पैकीच्या पैकी मार्क दिले आणि आपण तिचं भलं केलं, असं मला मनापासून वाटलं.

तिला यवतमाळला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी वडील तिला घेऊन शाळेत आले. मी स्टाफरूममध्ये एकटाच पेपर तपासत होतो. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. तिकडे पहिल्याच प्रॅक्टिकलला तिनं अ‍ॅमीटर उलटासुलटा जोडला आणि तो जळाला, असं त्यांनी सांगितलं. तिथल्या सरांनी सगळ्यांसमोर तिचे बारावीचे मार्क वाचून दाखवले आणि हे कुठून आणले, असं विचारलं. तेव्हापासून ती प्रॅक्टिकलला मागे उभी राहते, कशाला हात लावत नाही.

"म्या इले लय बोललो, सर," ते म्हणाले. "तुमी शिकवलं, पैकीच्या पैकी मार्क देल्ले, अन इले एक मीटर जोडता येत नाही. इनंच ध्यान देलं नसन."

मुलगी फरशीकडे बघत होती. तिनं एक वाक्य बोलायचा अवकाश, माझं सगळं उघडं पडलं असतं. ती बोलली नाही. मी बोललो, आणि काय बोललो तर, "होतं असं कधी कधी. नवीन जागी माणूस घाबरतो." हे म्हणताना माझा आवाज अगदी समजूतदार होता. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तिला एकदा पुन्हा दाखवून द्या, एवढीच त्यांची विनंती होती. नाही म्हणता येईना. चावी शोधायलाच बराच वेळ गेला. प्रयोगशाळेतल्या टेबलांवर बोट बुडेल एवढी धूळ. मी कपाटातून मीटर काढले. बरेचसे प्लास्टिकच्या पिशवीतच होते. वडिलांनी एक हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि त्याच्या पितळी स्क्रूवरून अंगठा फिरवला. आयुष्य तारा जोडण्यात गेलेला माणूस तो.

"सर, याले तं कधी वायरच लागला नाही," ते म्हणाले.

त्यांनी दुसरा बघितला, तिसरा बघितला. मग मुलीकडे वळले. "तुले मालूम होतं?"

"हो, अब्बा."

"मंग म्या एवढं बोललो तवा सांगतलं काहून नाही?"

"सर आहेत ते. त्यांच्याबद्दल कसं सांगायचं?" ती म्हणाली.

चूक माझी आहे, असं मी तेव्हा म्हणालो. ते त्यांना ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. त्यांनी राग केला नाही. शिकून घे, एवढं मुलीला म्हणाले आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. मागवलेला चहा त्यांनी घेतला नाही.

ती चार दिवस आली. पहिल्या दिवशी मीच मल्टीमीटरची रेंज चुकीची लावली. तिनं ते पाहिलं आणि काही न बोलता बटण फिरवून बरोबर केलं. तिसऱ्या दिवशी ती पूर्ण सर्किट एकटीनं जोडू लागली. चौथ्या दिवशी तिनं घेतलेलं रीडिंग मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो त्याच्याशी जुळेना. दोनदा तपासलं. तिचंच बरोबर होतं; आमच्या जुन्या रेझिस्टन्सवर तसंच येणार होतं. माझा तक्ता पुस्तकातला होता.

आता ती शेवटच्या वर्षाला आहे, चांगली चालली आहे असं कळतं. मी प्रयोगशाळा उघडी ठेवतो. मार्क पूर्वीसारखे पडत नाहीत आणि पालक कुरकुर करतात. तिच्या वडिलांनी तिला आणलं म्हणून तिच्यापुरतं तरी मला कळलं. तिच्याआधीच्या मुलांनी कुठे काय जाळलं, कोणाकोणासमोर मान खाली घातली, आणि घरी कोणाचं बोलणं खाल्लं, हे मी कोणालाही विचारलेलं नाही. बऱ्याच जणांचे नंबर माझ्या फोनमध्ये आहेत.