सिरसाळ्याचा हिवाळा
फळगाड्यावर कुणी सफरचंद चिरलं, की मला सिरसाळ्याच्या मावशीचं परसदार आठवतं. तिथलं सफरचंदाचं झाड नुसतंच वाढत होतं, फुलत नव्हतं. काकांनी कुऱ्हाड काढली. "थंडीबिगर सफरचंद येतंय व्हय? तोडतो आता." मावशीनं ऐन पौषात शिडी लावली आणि झाडाचं पान न् पान हातानं खुडलं. "अंगावरची पानं गेली, की त्याला वाटंल हिवाळा आला," ती म्हणाली. शेजारणी हळहळल्या, बाईनं झाड मारलं. पण महिन्याभरात उघड्या फांद्या गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरल्या. वैशाखाच्या झळांत पहिलं आंबटगोड फळ तिनं चिरलं, तिखट-मीठ लावलं आणि आधी काकांच्याच हातावर ठेवलं. "लई ग्वाड हाय," काका खाली बघत म्हणाले. आता कुणी 'आपल्याकडं हे होत नाही' म्हणालं, की मी आधी शिडी शोधते.