नानांना सुरत दाखवली तो रविवार

सुरतेत मी अकरा वर्षं काढली होती, पण सुरत पाहिली नव्हती. शहराच्या कडेला उधन्याची खोली, उधन्याचं खातं आणि पगार झाला की बाजार, एवढीच माझी सुरत. खातं म्हणजे मागांचा कारखाना. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. अशा माणसाला सुट्टी मिळाली की तो झोपतो, किल्ले बघत हिंडत नाही. पण हे नानांना कोण सांगणार?

नाना म्हणजे माझे वडील. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांनी तीस वर्षं चौथीचा वर्ग शिकवला. चौथीला महाराजांचा इतिहास असतो, त्यामुळे सुरतेवरची स्वारी त्यांनी तीस वेळा शिकवली होती. फळ्यावर खडूनं कोट काढायचे, कोटाला दरवाजे, आत किल्ला आणि मागे समुद्राच्या तीन लाटा. मीही त्याच वर्गात बसून ती सुरत पाहिली होती. निवृत्त होईपर्यंत त्यांनी खरी सुरत बघितली नाही. प्लेगच्या साली आम्ही जीव मुठीत धरून गावी पळालो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सुरतेला निघालो, तेव्हा ते दारात उभे राहून एवढंच म्हणाले होते की तुमची अक्कल गहाण पडली आहे.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझ्या मुलीनं त्यांना पहिलं पत्र लिहिलं. ती सात वर्षांची, गुजराती शाळेत दुसरीला. पत्र मराठीत होतं, पण एकाही अक्षराच्या डोक्यावर रेघ नव्हती, कारण गुजरातीत ती नसतेच. ते पत्र खिशात घालून नाना सुरतेला आले आणि पहिला चहा संपायच्या आत म्हणाले, "पोरले मी गावले ली जास. तठे शिकी."

एकुलती एक पोर, तिला गावी न्यायची म्हणे शिकायला. साड्यांना टिकल्या लावायचं काम बायको घरी आणायची, त्यात तिनं मान घातली आणि म्हणाली की तुम्ही बापलेक ठरवा. मला दुसरं काही सुचेना. म्हटलं, "नाना, रविवारले तुमले सुरत दखाडस. मंग काय ते बोला." प्लेगनंतर शहर धुतल्यासारखं झालं होतं, रस्ते रुंद झाले होते. मला वाटलं, एवढं मोठं शहर बघितल्यावर ते पोरीला इथून हलवायचं नाव काढणार नाहीत. इतका मी भाबडा.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही मागवाले सगळे ओरडून बोलतो. चालू खात्यात शेजारच्यानं कानात शंख फुंकला तरी ऐकू येणार नाही, मग घरी आलं तरी आवाज तसाच राहतो. मीठ मागितलं तरी भांडण चाललंय असं वाटतं. आणि दुसरी गोष्ट अशी की आम्ही ओठ वाचतो. पाच-सहा माग ओलांडून पलीकडचा माणूस ओठ हलवतो आणि आम्हाला कळतं, दोरा तुटलाय की शेठ आलाय. हे कुणी शिकवत नाही, वर्षा-दोन वर्षांत येतं. नानांना यातलं पहिलं चांगलंच माहीत होतं. दुसरं माहीत असायचं कारण नव्हतं.

रविवारी दिल्ली गेटला उतरलो. "गेट कोठे शे?" नानांनी विचारलं. मी आजूबाजूला पाहिलं. रिक्षा होत्या, हातगाड्या होत्या, कापडाचे गठ्ठे लादलेला टेम्पो होता. गेट नव्हतं. मी एका पानवाल्याला विचारलं, तर तो हसला. पुढे सहारा दरवाजाला गेलो, तिथं दरवाजा नाही. वाटेत एका गल्लीत विटांची जुनाट भिंत दिसली तेव्हा मी घाईघाईनं म्हटलं की हाच कोट. नानांनी चष्मा वर करून पाहिलं. भिंतीवर दिव्याच्या बल्बची जाहिरात होती आणि आत पिठाची गिरणी चालू होती.

"हाऊ का कोट?" असं म्हणून ते माझ्याकडे पाहत राहिले. त्या नजरेनं मी पुन्हा चौथीत जाऊन बसलो.

मी वैतागलो. ऊन चढलं होतं, मुलगी बर्फगोळा मागत होती आणि नाना दिसेल त्या म्हाताऱ्याला थांबवून मोठ्या अभिमानानं विचारत होते, "महाराजांचा तळ कुठं पडला होता?" ज्यांचं गाव लुटलं त्यांनाच हे विचारायचं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथल्या लोकांच्या खात्यात मी अकरा वर्षं भाकरी कमावत होतो. मी नानांना दंड धरून ओढलं, मुलीवर ओरडलो, रिक्षावाल्यावर ओरडलो.

"काबर बोंबलस रे?" नाना म्हणाले. "मी बहिरा शे का?"

"मी बोंबलस नही!" मी बोंबललो. शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

चौकबाजारला किल्ला मात्र होता. तापीच्या काठावर, जाड भिंतींचा, बुरुजांचा. मला हायसं वाटलं. पण त्या काळात किल्ल्यात सरकारी कचेऱ्या होत्या आणि रविवारी कचेऱ्या बंद. दाराला कुलूप. बारा तासांच्या पाळीतून एक सुट्टी काढून मी बापाला कुलूप दाखवायला आणलं होतं. मी दाराला लाथ घातली. लाकूड जुनं होतं, पण माझ्या अंगठ्यापेक्षा टणक निघालं.

नदीकडच्या कट्ट्यावर पांढऱ्या टोपीतले एक सुरती काका बसले होते. नानांनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. मी डोळे मिटून घेतले. काका मात्र रागावले नाहीत. मोडक्या हिंदीत, मधूनमधून गुजरातीत, त्यांनी सांगितलं की महाराज आले तेव्हा विटांचा कोट नव्हताच, मातीचा होता. ते लुटून गेले म्हणून मग लोकांनी पक्का बांधला. आणि किल्ला काही त्यांच्या हाती लागला नव्हता. "ने तंबू तो उधना मां हता, भाई. तमे क्यां उतर्या छो?"

मुलगी टुणकन म्हणाली, "उधना मां ज!" काका खोखो हसले.

नाना हसले नाहीत. तीस वर्षं फळ्यावर काढलेला कोट त्यांच्या डोळ्यांदेखत पुसला गेला होता. आणि ज्या तळासाठी आम्ही सकाळपासून पायपीट केली, त्याच उधन्यात ते चार रात्री माझ्या खोलीत डास मारत झोपले होते. मला खरं तर त्यांची दया यायला हवी होती. मला रागच आला, कशाचा ते आजही धड सांगता येत नाही.

आता उरला समुद्र. समुद्राला कोण कुलूप लावणार? डुमसची बस पकडली. नाना खिडकीशी बसले, मुलगी त्यांच्या मांडीवर. "तीन लाटा असतात ना?" असं ती विचारत होती आणि नाना सांगत होते की खूप असतात.

डुमसला समुद्र नव्हता. ओहोटी होती. काळ्या, ओल्या वाळूचं लांबच लांब माळरान आणि पार टोकाला एक चकाकती रेघ. माझा संताप अनावर झाला. मी पोरीला म्हणालो, बघ तो तुझा समुद्र, आणि पुन्हा काही मागितलंस तर बघ. समुद्र तर तिनं मागितलाच नव्हता. ती नानांच्या धोतराआड सरकली.

"तू आठेच थांब," नाना मला म्हणाले. त्यांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या, मुलीच्याही दिल्या, आणि दोघं हात धरून त्या रेघेकडे चालू लागले. मी चार चपला घेऊन वाऱ्यात उभा राहिलो. बराच वेळ त्यांच्या पाठी दिसत होत्या. नाना मध्येच हातानं नदीची बाजू दाखवत होते. आपल्या खानदेशातून आलेली तापी इथं कुठंतरी समुद्राला मिळते, हे ते तिला सांगत असणार.

मग ती दोघं वळली. अजून लांब होती, पाच-सहा माग ओलांडून माणूस उभा असावा तेवढी. वारा इतका होता की त्यांचा एक शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हता. मी मुद्दाम पाहिलं नाही. पण दिसलं की ओठ वाचले जातात, ते आमच्या हातात नसतं.

नानांचे ओठ म्हणाले, "मना संगे गावले येशी का?"

मुलीनं जरा विचार केला. मग तिचे ओठ हलले. "येसू. तठे कोनी बोंबलस नही."

नाना थांबले. त्यांनी खाली बसून तिच्या केसांतली वाळू झटकली, चांगला वेळ लावून झटकली. मग तिच्याशी काहीतरी बोलले, पण तेव्हा त्यांचा चेहरा तिच्याकडे होता, मला दिसला नाही.

माझ्याजवळ आल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि समुद्राकडे बघत म्हणाले, "पोर नही म्हनस. ऱ्हाऊ दे तिले आठेच."

मुलीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला खरं माहीत होतं आणि मी ते बोलायला हवं होतं. सांगायला हवं होतं की नाना, पोर हो म्हणाली, घेऊन जा तिला. मी सांगितलं नाही. मला ती हवी होती, म्हणून त्यांनी माझ्यासाठी बोललेलं खोटं मी गुपचूप पदरात घेतलं.

"बरं," मी हळू आवाजात म्हणालो.

"काय?" नानांनी कानामागे हात नेला. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मला पुन्हा बरं म्हणावं लागलं.

परतीच्या बसमध्ये मी तोंड उघडलं नाही. कंडक्टरला बोटांनीच तीन तिकिटं सांगितली. नाना पेंगत होते. मुलगी माझ्याकडे सारखी चोरून बघत होती, आता कशावरून ओरडा बसेल याची वाट बघावी तशी. उधन्याला उतरल्यावर गर्दीत तिनं हळूच माझं बोट धरलं आणि काळजीनं विचारलं, "पप्पा, तुमना घसा बसी गया का?"

मी मान हलवून हो म्हटलं.